दिवसभर चुका शोधणारा डोळा चित्र काढताना मिटायचा कसा?

खोडरबर

पोटापाण्यासाठी मी मुद्रितशोधन करते. पाठ्यपुस्तकं, अनुवाद, अहवाल, जे येईल ते. बरीच वर्षं झाली, त्यामुळे डोळ्याला एक सवय जडली आहे. छापलेलं काहीही समोर आलं की आधी चूक दिसते, मग मजकूर. औषधाच्या वेष्टनावरचा घसरलेला रफार, लिफ्टमधल्या सूचनेतली ऱ्हस्व वेलांटी, सिनेमा संपल्यावर सरकणाऱ्या नावांत दोनदा आलेलं एकच नाव. बरोबरचे लोक गोष्टीबद्दल बोलत असतात आणि मी त्या नावावर अडकलेली.

कामाला ही सवय हवीच. घरी नको. म्हणून हल्ली संध्याकाळी चित्र काढायला बसते. चित्रकलेने मन निवतं, तोल सापडतो, आतून शांत वाटतं, असं इतक्या जणांकडून ऐकलं होतं की म्हटलं, बघू तरी. माझ्या बाबतीत उलटंच चाललंय. परवा डावा हात टेबलावर ठेवून त्याचंच चित्र काढत होते. अंगठा झाला, तर्जनी झाली, मधलं बोट उतरवलं आणि तर्जनी आखूड वाटायला लागली. खोडली, लांब केली. आता मधलं बोट खोटं दिसायला लागलं. तेही खोडलं. तासाभराने कागदाच्या त्या भागावर लव आल्यासारखं झालं होतं, हात कुठेच नव्हता आणि मान होती त्याहून जास्त आखडली होती.

मंडला, म्हणजे गोलाकार नक्ष्या, रंगवायचं पुस्तकही आणून झालं. रंग रेषेबाहेर केसभर गेला की पुढचं सगळं पान मला फक्त तो केसच दिसतो.

मग कोणी सांगितलं, रोज चार ओळी लिही, स्वतःशी बोल. लिहायला बसले की स्वतःच्याच वाक्याचं प्रूफ वाचते. ‘मला आज उदास वाटलं’ असं लिहिलं आणि ‘आज’ वाक्यात आधी हवं होतं का, यावर विचार करत बसले. उदास का वाटलं ते राहूनच गेलं. हसू नका.

प्रश्न असा, की कलेने मन शांत होतं हे खरंच होतं का, की ज्यांचं मुळात शांत असतं त्यांचंच होतं? आणि माझ्यासारख्यांनी नेमकं काय करायचं? ध्यानाचे सल्ले कृपया नकोत. डोळे मिटले की छापून गेलेल्या फर्म्यातली चूक दिसते.


तिरकी रेघ

ताई, चित्रकला शिकवण्यात माझी हयात गेली. तुमच्यासारखी मुलं दरवर्षी वर्गात असायची. हुशार, नेटकी, आणि कागदाला भोक पडेपर्यंत खोडणारी. त्यांना मी सगळ्यात आधी खोडरबर दप्तरात ठेवायला सांगायचो. (तुमचं टोपणनाव ठेवा, त्याला माझी हरकत नाही.)

तुमचं दुखणं तुमच्या कामातूनच समजून घेऊ. प्रूफ वाचताना समोर दोन गोष्टी असतात, मूळ प्रत आणि जुळवलेला मजकूर. नजर हिच्यावरून त्याच्यावर जाते, फरक दिसला की समासात खूण. हात काढताना तुम्ही अगदी हेच करताय. खरा हात ही मूळ प्रत, कागदावरचा हात हे प्रूफ. असा डोळा विश्रांती घेणार कधी? तेव्हा दोहोंपैकी एक त्याच्यापासून लपवा. प्रूफ झाका. मूळ प्रत तेवढी बघत राहा.

हा सराव जुना आहे. न्यूयॉर्कमध्ये शिकवणाऱ्या किमॉन निकोलाइडिस यांच्यामुळे तो जगभरच्या वर्गांत पोचला. ते 1938 मध्ये वारले, त्यांची शिकवण 1941 मध्ये पुस्तकरूपाने आली. आमच्या वर्गात आम्ही त्याला ‘न बघता रेघ’ म्हणायचो.

जाड कागदाचा तळहाताहून मोठा तुकडा घ्या, मधोमध भोक पाडा, त्यातून पेन्सिल खोचा आणि वरून धरा. आता हाताखाली काय उमटतंय ते दिसणार नाही. डावा हात समोर ठेवा. मनगटाच्या कडेवर एक जागा निवडा, नजर तिथे टेकवा आणि पेन्सिलही टेकवा. पेन्सिलीचं टोक कागदावर नसून त्या कातडीवर आहे असं समजायचं. नजर जेवढी सरकेल तेवढीच पेन्सिल सरकवायची. नजर वळली की पेन्सिल वळली, नजर थांबली की पेन्सिलही थांबली. खाली डोकावायचं नाही.

सुरुवातीला चिडचिड होईल. हात मध्येच अडेल, कारण डोळा पुढच्या बोटावर पळालेला असेल. त्याला ओढून मागे आणा आणि जिथे सुटला होता तिथून पुढे चला. सगळा हात पुरा करायचा नाही, एका बोटाला पंधरा मिनिटं लागली तरी हरकत नाही. नंतर कागद उचलाल तेव्हा अंगठा मनगटाखाली आलेला असेल, बोटं एकमेकांत घुसलेली असतील. ते बघून हसू आलं तर सराव बरोबर झाला. वाईट वाटलं तर उद्या पुन्हा.

आणि खाडाखोडीचं म्हणाल तर रवींद्रनाथ टागोरांची हस्तलिखितं कुठे छापलेली मिळाली तर जरूर बघा. कवितेतले नको असलेले शब्द ते खोडायचे, मग ती खोडलेली जागा उघडीबोडकी वाटायची म्हणून तिला दुसऱ्या खोडलेल्या जागेशी रेघांनी जोडायचे. त्यातून चोची, जबडे, कुठल्याच पुस्तकात नसलेली जनावरं उभी राहायची. अशा चाळ्यांतून साठी उलटल्यावर माणूस चित्रकार झाला. 1930 मध्ये पॅरिसला पहिलं प्रदर्शन भरलं आणि मागे दोन हजारांवर चित्रं राहिली. औपचारिक प्रशिक्षण शून्य. आम्हा शिकवणाऱ्यांना ही गोष्ट जरा झोंबतेच.


आकडेमोड

‘खरंच होतं का’ एवढ्यापुरतं लिहितो.

2016 मध्ये अमेरिकेतल्या ड्रेक्सेल विद्यापीठात गिरिजा कैमल आणि सहकाऱ्यांनी 39 प्रौढांना 45 मिनिटं माती, रंगीत पेनं आणि चिकटकामाचं साहित्य देऊन हवं ते करायला सांगितलं. आधी आणि नंतर लाळेतलं कॉर्टिसॉल, म्हणजे ताणाशी निगडित संप्रेरक, मोजलं. सुमारे 75 टक्के लोकांचं उतरलं. कलेचा पूर्वानुभव असल्या-नसल्याने फारसा फरक पडला नाही. ही बातमी सगळीकडे फिरते. तिच्यासोबत जे फिरत नाही ते असं, की उरलेल्या पाव लोकांचं उतरलं नाही, तुलनेसाठी नुसता बसवलेला दुसरा गट नव्हता, आणि दिवस कलतो तसं कॉर्टिसॉल आपोआपही उतरत असतं. तेव्हा अभ्यास चांगला आहे, पण त्याच्यावर इमला बांधू नये.

तुमच्या मंडलाच्या तक्रारीशी जुळणारा अभ्यास 2005 चा आहे, करी आणि कॅसर या दोघांचा. 84 विद्यार्थ्यांना आधी भीतीच्या एका प्रसंगाबद्दल लिहायला लावून अस्वस्थ केलं, मग तीन गट केले. एकाला मंडला रंगवायला, एकाला साध्या चौकड्या रंगवायला, एकाला कोरा कागद. मंडला आणि चौकड्यावाल्यांची चिंता जवळपास सारखीच उतरली. कोऱ्या कागदावाल्यांची तशी उतरली नाही. म्हणजे मंडलाच्या आकारात काही गूढ शक्ती आहे असं यातून निघत नाही. आधी आखलेली, फार सोपी नाही आणि फार अवघडही नाही अशी चौकट लागते, इतकंच म्हणता येईल.

तुम्हाला दुसऱ्याने आखलेली रेघ खुपते. मग चौकट स्वतः आखा, हाताने, पट्टी न लावता. मुळात रेघच वाकडी असली की रंग तिच्याबाहेर गेला की रेघच आत आली, हे ठरवता येत नाही.


खोडरबर

सर, ‘प्रूफ झाका’ हे वाचून खुर्चीत सरळ होऊन बसले. असं कुणी सांगितलं नव्हतं. पुठ्ठ्याला भोक पाडून ठेवलं आहे.

आकडेमोड, आभार. उरलेल्या पाव लोकांतली मीच असणार, अशी खात्री वाटते. लिहिण्याबद्दलही असं काही मोजलेलं आहे का? चित्रापेक्षा तिथे मी जास्त अडकते.


ओली माती

खोडरबर, तुला अगं-तुगं केलं तर चालेल ना? इथे सगळे फार सभ्य बोलतायत.

मी चाकावर भांडी करते. नोकरी वेगळी आहे, ही सुट्टीच्या दिवसाची हौस. शांतता, तोल वगैरे शब्द आमच्याकडे फार जमिनीवरचे आहेत, अगदी शब्दशः. मातीचा गोळा चाकावर आपटला की तो कधीच मधोमध बसत नाही. चाक फिरायला लागलं की तो तळहाताला धक्के देत राहतो, एकदा इकडून, एकदा तिकडून. तेव्हा गोळ्याशी भांडायचं नसतं. कोपरं मांडीवर घट्ट रोवायची, हात ओले करायचे आणि तळवा एका जागी धरून ठेवायचा. हात हलला नाही की शेवटी माती येते मध्यावर. आली की धक्के थांबतात आणि चाक फिरतंय की उभंच आहे ते हाताला कळेनासं होतं. त्या क्षणाला काय म्हणायचं ते तूच ठरव. मला ‘आतून शांत’ वगैरे वाटत नाही. मागच्या दहा मिनिटांत माझ्या डोक्यात काहीच नव्हतं, एवढं मात्र नंतर लक्षात येतं.

आता तुझ्या चुका शोधणाऱ्या डोळ्याबद्दल. आमच्या शिक्षिकेने सुरुवातीचे कितीतरी महिने आम्हाला एकही भांडं घरी नेऊ दिलं नाही. वाटी उभी राहिली की तिच्या तळापासून तार फिरवायची आणि तीच तार उभी घालून वाटीचे दोन तुकडे करायचे. भिंत कुठे जाड, कुठे पातळ, तळाशी माती किती राहिली, ते त्या कापलेल्या कडेवर स्वच्छ दिसतं. बघायचं आणि दोन्ही तुकडे बादलीत. म्हणजे चुका बघायच्या नाहीत असं तिने कधीच म्हटलं नाही. उलट फार बारकाईने बघायला लावायची. पण कधी बघायच्या ते ठरलेलं असायचं. चाक फिरत असताना नाही. चाक थांबल्यावर, तार घालून, एकदाच.

तुझं चाक थांबतच नाही. बोट काढतानाच तू तार घालतेस.


नुसता बघ्या

सगळे इथे काहीतरी करायला सांगतायत, म्हणून दुसरी बाजू मांडतो. मी चित्र काढत नाही. भांडी घडवत नाही. वही लिहीत नाही. बघतो.

आधी एक गैरसमज बाजूला सारू. कला करणाऱ्याला शांती मिळतेच, असा करार कोणी केलेला नाही. व्हॅन गॉग 1889 च्या मे महिन्यात फ्रान्समधल्या सँ-रेमीच्या मनोरुग्णालयात दाखल झाला आणि वर्षभर तिथे होता. त्या वर्षात दीडशेच्या आसपास चित्रं काढली. चित्रं थोर, माणूस बरा झाला नाही. अमेरिकेत ह्यूस्टनला चित्रकार मार्क रॉथ्कोच्या 14 काळपट, जांभळट कॅनव्हासचं प्रार्थनागृह आहे, जगभरातून लोक तिथे नुसते बसायला जातात. ते 1971 मध्ये उघडलं. रॉथ्कोने आदल्याच वर्षी स्वतःचा जीव घेतला होता. तेव्हा चित्राकडून औषधाचं काम मागू नका. झोप उडाली असेल, भूक मेली असेल, सकाळी उठावंसंच वाटत नसेल तर पुठ्ठ्याला भोकं पाडण्याआधी समुपदेशकाकडे जा. हे सगळ्यांसाठीच लिहितोय.

आता बघण्याबद्दल. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात लोक एका चित्रासमोर किती वेळ थांबतात ते मोजलं गेलं आहे. 2001 मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या पाहणीत सरासरी आली 27 सेकंदांची, आणि निम्म्या खेपांना लोक 17 सेकंदांच्या आतच पुढे सरकले. यात शेजारची पाटी वाचायचा वेळही आला.

मी एक चित्र निवडतो आणि अर्धा तास त्याच्यासमोर असतो. गायतोंडे यांचं असेल तर उत्तम. वासुदेव गायतोंडे (1924–2001) वर्षाला जेमतेम पाच-सहा कॅनव्हास करायचे. बाकीचा वेळ बसून असायचे, विचार करत, बघत. रंग रोलरने आणि पॅलेट नाइफने चढवायचे, खरवडायचे, पुन्हा चढवायचे. आपल्या चित्रांना अमूर्त म्हटलेलं त्यांना पटत नसे. समोर उभं राहिलं की पहिली पाच मिनिटं एक मोठा करडा किंवा पिवळा पृष्ठभाग असतो, आणि आपण घड्याळ बघतो. मग कंटाळा येतो. कंटाळ्याच्या पलीकडे गेलं की एका थराखालून दुसरा थर वर यायला लागतो, कडेला काहीतरी तरंगतंय असं दिसतं, ते मघाशी नव्हतं. त्यात चूक शोधू म्हटलं तरी शोधणार कशाशी ताडून? तुमच्या मास्तरांनी मूळ प्रतीचं सांगितलं ना, इथे मूळ प्रतच नाही.

अ‍ॅग्नेस मार्टिनचंही नाव सुचवतो. सहा फूट बाय सहा फुटांच्या कॅनव्हासवर पेन्सिलीने आखलेल्या रेघा आणि चौकटी. लांबून धुकं वाटतं, जवळ गेलं की प्रत्येक रेघ कापडाच्या वीणीवर किंचित थरथरलेली दिसते. ती थरथर तिने ठेवली. पण न पटलेले कॅनव्हास स्वतःच्या हाताने नष्टही केले, भरपूर. 1967 मध्ये न्यूयॉर्क सोडून निघून गेली आणि काही वर्षं रंगाला हातच लावला नाही. पुन्हा सुरू केलं ते न्यू मेक्सिकोच्या वाळवंटात, आणि 2004 मध्ये 92 व्या वर्षी वारली. तिचा डोळा तुमच्याइतकाच कडक होता, असं माझं मत.


आकडेमोड

बघ्या यांच्या समुपदेशकाच्या मुद्द्याला अनुमोदन.

लिहिण्याबद्दल. जेम्स पेनेबेकर आणि सँड्रा बील, 1986. विद्यार्थ्यांना सलग चार दिवस रोज 15 मिनिटं लिहायला लावलं. काहींना क्षुल्लक विषय, काहींना आयुष्यातला सगळ्यात त्रासदायक प्रसंग. प्रसंग आणि त्याबद्दलच्या भावना, दोन्ही लिहिणारे पुढच्या काही महिन्यांत विद्यापीठाच्या आरोग्य केंद्रात कमी वेळा गेले. मात्र लिहून उठताना त्यांना हलकं वाटत नव्हतं, उलट जास्त खिन्न वाटत होतं. हे आधीच माहीत असलेलं बरं, नाहीतर पहिल्याच दिवशी ‘मला जमत नाही’ म्हणून वही बंद होते. नंतर असे शेकडो प्रयोग झाले, परिणाम एकंदरीत छोटा निघतो, सगळ्यांना सारखा लागू पडत नाही.

तुमच्यासाठी कामाची गोष्ट त्या प्रयोगांत दिल्या जाणाऱ्या सूचनेत आहे. शुद्धलेखन, व्याकरण आणि वाक्यरचना यांची काळजी करू नका, एकदा सुरू केलं की वेळ संपेपर्यंत थांबू नका, असं त्यात चक्क सांगितलेलं असतं. लिहिलेलं कोणी वाचणार नाही, हेही. वाचणाऱ्यांत तुम्हीही नाही असं ठरवून टाका. लिहून झालं की फाडा.


खोडरबर

थोडे दिवस गप्प होते, करून बघत होते. जसं झालं तसं सांगते.

सरांचा पुठ्ठा. पहिल्यांदा केलं तेव्हा पेन्सिल कागदावरून टेबलावर उतरली होती ते मला कळलंच नाही. टेबलावरची रेघ अजून आहे. पण त्यातली एक गोष्ट सांगायचीच आहे. डाव्या तर्जनीच्या मधल्या सांध्यावर मला तीन घड्या आहेत. वरची आणि खालची या कडेपासून त्या कडेपर्यंत जातात, मधली मात्र अर्ध्यावर येऊन थांबते आणि तिथून दोन बारीक फाटे फुटतात. हा हात मी रोज बघते, प्रूफावर कागद सरकू नये म्हणून हाच टेकलेला असतो. ती घडी मी आजवर पाहिलीच नव्हती. त्या फाट्यांवरून पेन्सिल नेताना खालून जाणाऱ्या गाडीचा कर्कश हॉर्न ऐकू आला आणि लक्षात आलं, इतका वेळ काहीच ऐकू येत नव्हतं.

कागद उचलल्यावर मात्र जुनी खोड वर आली. बोट नव्हतंच ते, वाळलेली शेंग होती. हात आपसूक खोडरबराकडे गेला. सरांनी ते दप्तरात ठेवायला सांगितलं होतं म्हणून पेन घेतलं, आणि पेनाने माझ्याकडून आपोआप झालं ते असं. आमच्या कामात एक खूण असते. एखादा शब्द खोडला आणि मग वाटलं की नाही, होता तोच बरा, तर त्या शब्दाखाली टिंबांची ओळ द्यायची. म्हणजे आहे तसं राहू द्या. मजकूर जुळवणाऱ्याला ते कळतं. मी त्या शेंगेखाली टिंबं दिली. मग अंगठ्याखाली दिली. जिथे जिथे खोडावंसं वाटलं तिथे टिंबं. शेवटी चित्रात रेघांपेक्षा टिंबं जास्त झाली आणि खरं सांगते, मला ते बघायला मजा आली.

लिहिण्याचं. रद्द झालेल्या प्रुफांची मागची बाजू कोरी असते, असे पाठकोरे कागद माझ्याकडे ढिगाने आहेत. गजर लावून त्यावर पंधरा मिनिटं लिहिते. ‘वाक्यरचनेची काळजी करू नका’ हे वाक्य मोठ्या अक्षरांत वर लिहून ठेवलं. पहिल्या दिवशी उठताना रडू आलं, आकडेमोड यांनी आधी सांगितलं नसतं तर घाबरले असते. काय लिहिलं ते इथे सांगत नाही. एकदा मात्र लिहिता लिहिता कागदाच्या पुढच्या बाजूची छपाई आरपार दिसत होती आणि तिथली एक चुकलेली जोडाक्षराची फोड मला दिसली. बघितली आणि लिहीत राहिले. हे कुणाला क्षुल्लक वाटेल.

शांत झाले का? मान अजून आखडते. कामाच्या गर्दीच्या दिवसांत पुठ्ठा हातातही घेतला जात नाही. पण घरी आल्यावर निदान तेवढा वेळ तरी कोणाची तरी चूक माझ्या पदरात पडत नाही.

ओली माती, अगं-तुगं चालेलच. तुझं तारेचं वाचून मी रविवारी सकाळची वेळ ठरवली आहे. आठवड्याची चित्रं तेव्हा एकदाच बघायची, काय बरोबर आलं नाही ते कडक शब्दांत लिहायचं, आणि बादलीत. म्हणजे रद्दीत.


तिरकी रेघ

ताई, वाचून बरं वाटलं. पण एक शंका. टिंबं द्यायची म्हणजे चूक आधी शोधावी लागली ना? मग डोळा मिटला कुठे? मी झाकायला सांगितलं होतं ते हे टाळायलाच. टिंबं द्यायच्या नादात तुम्ही पुन्हा प्रूफच वाचाल अशी धास्ती वाटते.


खोडरबर

सर, शंका रास्त आहे. पण डोळा मिटेल असं मला आता वाटत नाही, आणि मिटावा असंही वाटत नाही. तो गेला तर मी खाऊ काय! मला त्रास बघण्याचा नव्हता, बघितल्याबरोबर हात धावायचा त्याचा होता. टिंबं देताना चूक दिसते, मी ती मान्य करते, आणि हात तिथेच थांबतो. प्रुफात ही खूण करताना मला नेहमी किंचित समाधान वाटत आलंय, का ते कधी विचारात घेतलं नव्हतं. बाकी सगळ्या खुणा काहीतरी बदलायला सांगतात. ही एकच नाही सांगत.


ओली माती

सर, मला तिचं पटतंय. माझ्याकडे एक कलंडलेली वाटी आहे, कापली नाही, बादलीत टाकली नाही, भाजून घेतली. शिक्षिकेच्या नियमाविरुद्ध. रोज दिसते, रोज कलंडलेलीच दिसते. तिच्यात मी पेनं ठेवते.

आणि खोडरबर, रविवारी सगळीच रद्दीत टाकू नकोस हं. एखादं ठेव.


नुसता बघ्या

टिंबांचं चित्र बघायला आवडलं असतं. दाखवू नका मात्र. दाखवलं की पुढचं काढताना आम्ही सगळे तुमच्या खांद्यावरून डोकावणार.


खोडरबर

दाखवणार नव्हतेच.

एक व्यवहाराचा प्रश्न राहिला. पाठकोऱ्या कागदावर शाईचं पेन वापरलं की शाई पसरते आणि टिंबांचे डाग होतात. पेन्सिलीने टिंबं दिली तर ती खोडता येतात, मग अर्थच उरला नाही. काय वापरू?


तिरकी रेघ

साधं बॉलपेन. त्याची शाई घट्ट असते, पातळ कागदावरही पसरत नाही. चांगल्या कागदावर काढाल तेव्हा 0.3 मिमी टोकाचं पिगमेंट शाईचं पेन घ्या, त्यावर नंतर पाण्याचा रंग फिरवला तरी रेघ हलत नाही. बॉलपेनने दाब जास्त पडतो, तेव्हा खाली जाड पुठ्ठा ठेवा. टेबल एकदा खराब झालंच आहे, निदान पुढचं वाचेल.